मार्क मार्टिन पाच वेळा दुसरा कसा आला? नॅस्कारच्या गुणांचं गणित

१९९० साली नॅस्कारच्या, म्हणजे अमेरिकेतल्या मोटार शर्यतींच्या, मुख्य मालिकेत २९ शर्यती झाल्या. हंगाम संपला तेव्हा ड्रायव्हर डेल अर्नहार्टच्या नावावर ४४३० गुण होते आणि मार्क मार्टिनच्या नावावर ४४०४. फरक २६ गुणांचा. त्याच हंगामाच्या सुरुवातीला, फेब्रुवारीत, मार्टिनचे ४६ गुण दंड म्हणून कापले गेले होते. अमेरिकेतल्या शर्यतवेड्या मंडळींमध्ये हा विषय आजही निघतो, आणि निघाला की तासभर तरी मिटत नाही.

मार्टिन या मालिकेत ८८२ शर्यती धावला, त्यातल्या ४० जिंकला, ५६ वेळा पात्रता फेरीत सर्वात वेगवान ठरून पहिल्या जागेवरून सुटला. विजेतेपद मात्र एकदाही नाही. १९९०, १९९४, १९९८, २००२ आणि २००९ अशा पाच हंगामांत तो दुसरा आला. दुसरा क्रमांक अक्षरशः पाचवीला पुजलेला. तो दुर्दैवी होता असं म्हणून हा विषय बहुतेक जण मिटवतात. मला ते पटत नाही. त्याच्या पाचही दुसऱ्या क्रमांकांची कारणं वेगवेगळी आहेत, आणि ती समजून घ्यायची तर या खेळात विजेता ठरवतात कसा, हे आधी पाहावं लागतं.

नॅस्कार ही अमेरिकेतल्या स्टॉक कार शर्यतींची मुख्य संघटना, स्थापना १९४८ सालची. स्टॉक कार म्हणजे मूळ कल्पनेत शोरूममधून घेतलेली साधी गाडी. सुरुवातीची काही वर्षं खरोखर तशाच गाड्या धावत. मार्टिनच्या काळापर्यंत यातलं फक्त रूप उरलं होतं. बाहेरून फोर्ड किंवा शेव्हरोलेसारखी दिसणारी गाडी आतून पूर्ण वेगळी असायची: पोलादी नळ्यांचा सांगाडा, त्यावर हाताने बसवलेला पत्रा, जवळजवळ ५.९ लिटरचं आठ सिलिंडरचं इंजिन आणि साधारण दीड टन वजन. बहुतेक ट्रॅक लंबगोल. गाड्या घड्याळाच्या काट्यांच्या उलट दिशेने, म्हणजे सतत डावीकडे वळत, तीन-चार तास धावतात. प्रत्येक भाग कसा असावा, किती जाड, किती उंच, याचे नियम असतात आणि शर्यतीनंतर गाडी उघडून मोजमाप होतं.

अशाच एका मोजमापात १९९० चा तो दंड झाला. रिचमंडची शर्यत मार्टिनने जिंकली होती. त्याच्या इंजिनावर कार्ब्युरेटर आणि त्याखालच्या इनटेक मॅनिफोल्डच्या मध्ये जो ठोकळा असतो, ज्याला स्पेसर म्हणतात, तो नियमापेक्षा अर्धा इंच जास्त जाड निघाला. हवा आणि पेट्रोल यांचं मिश्रण इथून खाली सिलिंडरकडे जातं. ही जागा थोडी वाढली की मिश्रण अधिक चांगलं पसरतं आणि इंजिन जोरात फिरत असताना थोडी जादा ताकद मिळू शकते. ‘मिळू शकते’ म्हणण्यापलीकडे त्या अर्ध्या इंचाने त्या दिवशी नेमकं काय केलं, हे सांगता येत नाही. गंमत अशी, की तोच जादा तुकडा बोल्टने न लावता मॅनिफोल्डला वेल्ड केलेला असता, तर तो मॅनिफोल्डचाच भाग धरला गेला असता आणि गाडी नियमात बसली असती. नॅस्कारने विजय कायम ठेवला, ४० हजार डॉलरचा दंड केला आणि ४६ गुण कापले.

हा ४६ चा आकडा आकाशातून पडलेला नाही. तेव्हाच्या पद्धतीत शर्यत जिंकणाऱ्याला १७५ गुण मिळत. दुसऱ्याला १७०, तिसऱ्याला १६५, असं सहाव्यापर्यंत पाच-पाचने कमी. सातव्यापासून अकराव्यापर्यंत चार-चारने, पुढे तीन-तीनने. शर्यतीत एक जरी फेरी आघाडीवर काढली तर पाच गुण जादा, आणि सर्वाधिक फेऱ्या आघाडीवर काढणाऱ्याला आणखी पाच. विजेता आघाडीवर तर असतोच, त्यामुळे त्याचे किमान १८०. दहाव्या क्रमांकाला १३४. वजाबाकी करा, ४६ येतात. म्हणजे कागदावर विजेता तोच राहिला आणि गुण मात्र दहाव्या क्रमांकाचे मिळाले.

ही पद्धत १९७५ पासून सुरू होती आणि तिचा स्वभाव एकदा लक्षात आला की मार्टिनची अर्धी कारकीर्द कळते. जिंकण्याला तिच्यात फारशी किंमत नव्हती. पहिल्या आणि दुसऱ्या क्रमांकात पाच गुणांचा फरक, एकूण १७५ मधले. त्याच काळात फॉर्म्युला वनमध्ये पहिल्याला ९ आणि दुसऱ्याला ६ गुण मिळत, म्हणजे जिंकणारा दीडपट कमवायचा. नॅस्कारमध्ये जिंकणं बरं, पण न बिघडणं त्याहून बरं. इंजिन फुटून तुम्ही चाळिसावे आलात तर हातात ४३ गुण. त्या दिवशी जिंकणारा तुमच्यापेक्षा १३२ गुण पुढे गेला. जादा गुण बाजूला ठेवले आणि पुढच्या प्रत्येक शर्यतीत तुम्ही पहिले, तो दुसरा आला असं धरलं, तर ही एका दिवसाची तूट भरून काढायला २७ विजय लागतील. हंगामच २९ शर्यतींचा.

म्हणून या पद्धतीत विजेता ठरायचा तो वाईट दिवशी. ज्याचे वाईट दिवस कमी वाईट, तो वर्षाच्या शेवटी पुढे. मार्टिन नेमका याच जातीचा ड्रायव्हर होता: गाडी सांभाळणारा, शर्यत पूर्ण करणारा, पाचव्या जागेच्या लायकीची गाडी असेल तर तिला चौथी आणणारा.

१९९० कडे परत येऊ, कारण तिथे आणखी एक हिशेब आहे जो दंडाच्या गोष्टीत हरवून जातो. दोन शर्यती उरल्या असताना मार्टिन ४५ गुणांनी पुढे होता. दंड पचवून पुढे. त्यानंतरच्या फिनिक्सच्या शर्यतीत अर्नहार्टने बहुतेक फेऱ्या आघाडीवर काढल्या आणि जिंकला: १७५, अधिक ५, अधिक ५, म्हणजे १८५. मार्टिन दहावा: १३४. एका दुपारी ५१ गुणांची उलथापालथ झाली आणि अर्नहार्ट सहा गुणांनी पुढे गेला. शेवटची शर्यत अटलांटाला. मार्टिनच्या संघाला स्वतःच्या गाडीचा भरवसा वाटेना, म्हणून त्यांनी फोर्डच्याच रॉबर्ट येट्सच्या संघाची गाडी उसनी घेतली. अर्नहार्ट तिसरा आला, मार्टिन सहावा. सहाचे सव्वीस झाले.

दंड झाला नसता तर मार्टिन २० गुणांनी विजेता असता, हे अंकगणित कुणी नाकारत नाही. पण अर्नहार्टने त्या हंगामात नऊ शर्यती जिंकल्या होत्या, मार्टिनने तीन. आणि डेटोना ५०० मध्ये अर्नहार्ट शेवटच्या फेरीत आघाडीवर असताना त्याचा टायर फाटला होता, तो जिंकलेली शर्यत हरला होता. दंडावर बोट ठेवणारे हा टायर हिशेबात धरत नाहीत. माझ्या मते मार्टिनचा मुकुट रिचमंडपेक्षा फिनिक्सला गेला. दंड फार तर त्यामागची ठसठस.

मार्टिनचा जन्म १९५९ चा, आर्कान्सॉ राज्यातल्या बेट्सव्हिलचा. वडील ज्युलियन ट्रक वाहतुकीच्या धंद्यात होते आणि गाड्यांच्या बाबतीत मुलाइतकेच वेडे. पंधराव्या वर्षी मुलगा तिथल्या मातीच्या ट्रॅकवर उतरला. पुढे तो एएसए नावाच्या मालिकेत गेला, जी मुख्यतः अमेरिकेच्या मध्य-पश्चिम भागातल्या छोट्या डांबरी ट्रॅकवर चालायची. तिथे १९७८, १९७९ आणि १९८० असे लागोपाठ तीन हंगाम त्याने जिंकले, तेव्हा तो एकवीस वर्षांचाही नव्हता किंवा जेमतेम झाला होता.

१९८१ मध्ये त्याने नॅस्कारच्या मुख्य मालिकेत पाच शर्यतींत भाग घेतला आणि त्यातल्या दोनदा पहिल्या जागेवरून सुटला. एवढं पाहून कुणालाही वाटेल की आता काय, मैदान मारलंच. पुढच्या वर्षी त्याने स्वतःचा संघ घेऊन पूर्ण हंगाम लढवला आणि पैसे संपले. सामानसुमान लिलावात गेलं. १९८३ मध्ये दुसऱ्या एका मालकाची गाडी मिळाली, काही शर्यतींतच तीही काढून घेतली गेली. स्टॉक कारच्या जगात स्वतःच्या पैशाने उतरणं म्हणजे काय, हे त्याने चोविशीत शिकून घेतलं. तो परत एएसएत गेला, खालच्या पायरीवर, आणि १९८६ मध्ये तिथलं चौथं विजेतेपद जिंकला. या मधल्या वर्षांत त्याचं पिणं हाताबाहेर गेलं होतं, हे त्याने नंतर स्वतः उघडपणे सांगितलं आहे.

१९८८ मध्ये जॅक राउशने मुख्य मालिकेत नवा संघ काढला आणि सहा नंबरच्या फोर्डसाठी मार्टिनला घेतलं. राउश हा गणितात पदव्युत्तर शिक्षण घेतलेला, फोर्डमध्ये काम केलेला माणूस. मार्टिनने दारू सोडली आणि व्यायामाला लागला. मूर्ती लहान, साडेपाच फुटांच्या आसपास, पण पहाटे उठून वजनं उचलणारा. आज बहुतेक ड्रायव्हरांचा व्यायामाचा प्रशिक्षक असतो. तेव्हा ही सवय विचित्र समजली जायची. गाडीत वातानुकूलन नसतं, आतलं तापमान पन्नाशीपार जातं, आणि अशा भट्टीत तीन-चार तास बसून मेंदू शेवटच्या फेरीपर्यंत ताजा ठेवायचा असतो. पन्नाशीत त्याने जे केलं त्याची पेरणी इथे झाली.

पहिला विजय ऑक्टोबर १९८९ मध्ये, उत्तर कॅरोलायनातल्या रॉकिंगहॅमला. पुढची तेवीस-चोवीस वर्षं तो या ना त्या गाडीत होताच.

‘नुसतं डावीकडे वळायचं, त्यात काय कौशल्य’ असं या खेळाबद्दल हमखास म्हटलं जातं. उत्तर वळणात आहे. दीड टनाची गाडी ताशी तीनशेच्या जवळपास वेगाने वळणात शिरते तेव्हा चारपैकी कोणता टायर आधी पकड सोडणार, हा खरा प्रश्न असतो. पुढच्यांनी सोडली तर स्टिअरिंग फिरवूनही गाडी वळत नाही, सरळ भिंतीकडे जायला बघते. याला ड्रायव्हर ‘टाइट’ म्हणतात. मागच्यांनी सोडली तर गाडीचं शेपूट बाहेर जातं, ती ‘लूज’. लूज गाडी वेगवान असते आणि धोकादायकही. शिवाय टायर झिजतात, टाकीतलं पेट्रोल कमी होतं, ऊन उतरून ट्रॅक थंड होतो, आणि दुपारी बरोबर असलेली गाडी संध्याकाळी टाइट होते. पिटमध्ये, म्हणजे ट्रॅकशेजारच्या दुरुस्तीच्या जागी, थांबल्यावर मागच्या काचेतून लांब पाना घालून स्प्रिंगवरचा भार अर्धा-पाव फेरा बदलतात, टायरमधली हवा थोडी कमी-जास्त करतात. हे किती आणि कुठे करायचं, ते ड्रायव्हरने रेडिओवर सांगायचं असतं, तेही गाडी चालवता चालवता. मार्टिनची ख्याती या बाबतीत होती. तो लहान ट्रॅकच्या शाळेतून आला होता, जिथे आपली गाडी आपणच बांधायची असते.

त्याची दुसरी ख्याती सभ्यतेची. मागून वेगाने कुणी आला तर तो रस्ता द्यायचा आणि आपल्यालाही तसाच मिळावा अशी अपेक्षा ठेवायचा. अर्नहार्टची कीर्ती याच्या बरोबर उलट होती: मध्ये आलेल्याला बम्पर लावून बाजूला करणारा. सभ्यपणामुळे मार्टिन मुकुटाला मुकला असं एक आवडतं मत आहे. ते मला भाबडं वाटतं. गुण मोजायच्या त्या पद्धतीत सभ्य असणं फायद्याचंच होतं. धक्के मारणाऱ्याला परत धक्के बसतात आणि चाळिसाव्या क्रमांकाचे ४३ गुण वाट्याला येतात.

उरलेल्या चारपैकी १९९४ चा दुसरा क्रमांक थोडक्यात आटपतो. अर्नहार्ट ४४४ गुणांनी पुढे होता, ते त्याचं सातवं विजेतेपद. त्याचा खरा प्रतिस्पर्धी अर्नी अर्व्हन ऑगस्टमध्ये मिशिगनच्या सरावात गंभीर जखमी झाला आणि दुसरी जागा मोकळी झाली. २००२ मध्ये टोनी स्टुअर्टने ३८ गुणांनी हरवलं. त्या वर्षीही एका स्प्रिंगवरून मार्टिनचे २५ गुण कापले गेले, पण ते धरूनही स्टुअर्टच पुढे राहिला असता.

त्याच १९९४ मधली एक गोष्ट सांगायलाच हवी. मुख्य मालिकेच्या खालची बुश मालिका मार्टिन हौसेने खेळायचा, तिथे त्याने ४९ शर्यती जिंकल्या. काइल बुश या ड्रायव्हरने २०११ मध्ये मोडेपर्यंत तो विक्रम होता. ब्रिस्टलला अशाच एका शर्यतीत तो शेवटी आघाडीवर होता, पिवळ्या झेंड्याखाली सगळ्या गाड्या हळू चालल्या होत्या, कुणी कुणाला ओलांडू शकत नव्हतं. शर्यत संपली असं समजून तो पिटकडे वळला. एक फेरी शिल्लक होती. डेव्हिड ग्रीन जिंकला.

१९९८ हे माझ्या मते त्याचं सर्वोत्तम वर्ष. सात विजय, ३३ पैकी २६ शर्यतींत पहिल्या दहात. कोणत्याही साध्या वर्षी एवढ्यावर मुकुट डोक्यावर असता. पण ते वर्ष साधं नव्हतं. जेफ गॉर्डन तेव्हा सत्तावीस वर्षांचा होता आणि त्याने तेरा शर्यती जिंकल्या, २८ वेळा पहिल्या दहात आला. फरक ३६४ गुणांचा. इथे दंड नाही, बिघाड नाही, सभ्यपणाचा प्रश्न नाही. समोरचा सरळ चांगला होता.

त्याच ऑगस्टमध्ये ज्युलियन मार्टिन स्वतःचं छोटं विमान चालवत असताना नेवाडात ते कोसळलं. सोबत मार्टिनची सावत्र आई आणि सावत्र बहीण होती, तिघंही गेले. दोन आठवड्यांनी ब्रिस्टलची रात्रीची शर्यत होती. जेमतेम साडेआठशे मीटरचा ट्रॅक, वाडग्यासारख्या उंच कडा, चाळीसच्या वर गाड्या, श्वास घ्यायला जागा नाही. मार्टिन ती जिंकला आणि विजय वडिलांना वाहिला. पुढच्या वर्षी सरावातल्या अपघातात हाडं मोडली, हंगाम संपल्यावर पाठीच्या कण्याची शस्त्रक्रिया झाली. तो तेव्हा चाळिशीत पोहोचला होता.

याच सुमारास त्याने राउशला विस्कॉन्सिनच्या एका तरुण ड्रायव्हरचं नाव सुचवलं होतं, मॅट केनसेथ. तोही छोट्या डांबरी ट्रॅकवर तयार झालेला, तोही न बिघडणारा. २००३ मध्ये केनसेथ मुख्य मालिकेचा विजेता झाला. हंगामात ३६ शर्यती, त्याचा विजय फक्त एक. रायन न्यूमनने त्याच वर्षी आठ शर्यती जिंकल्या आणि तो सहावा आला. मार्टिन ज्या पद्धतीने आयुष्यभर खेळला ती अशी त्याच्या शिष्याने टोकाला नेऊन दाखवली.

प्रेक्षक आणि टीव्हीवाल्यांना ते रुचलं नाही. २००४ पासून नॅस्कारने ‘चेस’ आणला: पहिल्या २६ शर्यतींनंतर आघाडीच्या दहा जणांचे गुण जवळपास सारखे करायचे आणि शेवटच्या दहा शर्यतींत विजेता ठरवायचा. बदलाची चर्चा आधीपासून होती, पण ‘केनसेथमुळे नियम बदलला’ हे वाक्य तेव्हापासून चिकटलं ते चिकटलंच.

२००५ हे मार्टिनने शेवटचं पूर्ण वर्ष जाहीर केलं. निरोपाचे कार्यक्रम झाले, भेटवस्तू झाल्या. (बॉनेटवर तेव्हा व्हायाग्राची जाहिरात होती. पंचेचाळिशी ओलांडलेल्या ड्रायव्हरवर त्यावरून किती विनोद झाले असतील याचा अंदाज बांधावा. तो मात्र हसून घ्यायचा. रॅप संगीताचा हा मनापासूनचा शौकीन, तेव्हा अपेक्षेबाहेरच्या गोष्टींची त्याला सवय असावी.) मग राउशकडे गाडीला ड्रायव्हर कमी पडला आणि २००६ मध्येही तोच बसला. २००७ मध्ये त्याने राउश सोडलं, एका लहान संघाकडून ठरावीकच शर्यती धावायचं ठरवलं, आणि तिथे त्याची ती दुसरी गाजलेली हार झाली.

डेटोना ५०० ही या खेळातली सर्वात मोठी शर्यत. ट्रॅक चार किलोमीटरचा, वळणं ३१ अंशांनी कललेली. इथे एकटी गाडी हळू असते. महामार्गावर मोटारसायकल एसटीच्या मागे घेतली की वारा लागेनासा होतो आणि कमी ॲक्सिलरेटरवर तोच वेग राहतो, तसंच इथे घडतं. यालाच ड्राफ्टिंग म्हणतात. मागच्या गाडीमुळे पुढचीच्या पाठीमागची हवाही सुरळीत होते, त्यामुळे जोडी दोघांनाही लाभते. म्हणून तीस-चाळीस गाड्यांचे थवे बनतात आणि शेवटच्या फेरीत आघाडीवर असणं हे वरदान कमी, संकट जास्त. मागच्याकडे वेग जमवून ओलांडायला जागा असते, तुमच्याकडे काही नसतं.

मार्टिन शेवटच्या फेरीत आघाडीवर होता. बाहेरच्या रांगेतून केव्हिन हार्विक वर आला. दोघं शेजारी-शेजारी असताना त्यांच्या मागे मोठा अपघात झाला, क्लिंट बोयरची गाडी उलटी होऊन छतावर घसरत अंतिम रेषेपलीकडे गेली. नियम असा, की पिवळा दिवा लागला की त्या क्षणी जो पुढे तो पुढे. दिवा लागला नाही. हार्विक ०.०२० सेकंदाने जिंकला. दिवा वेळेवर लागला असता तर मार्टिन विजेता असता असं अनेकांचं म्हणणं आहे. त्याने स्वतः तक्रार केली नाही, निर्णय मान्य केला. डेटोना ५०० तो कधीच जिंकला नाही.

मला मात्र त्यानंतरचा महिना जास्त आवडतो. डेटोनानंतरच्या तीन शर्यतींतही तो पहिल्या दहात राहिला आणि चार शर्यतींनंतर गुणांच्या यादीत चक्क पहिला होता. पाचवी शर्यत ब्रिस्टलला होती. ती धावायची नाही असं त्याने आधीच ठरवलं होतं, आणि तो धावला नाही. लागोपाठ ६२१ शर्यतींची साखळी त्याने स्वतःहून तोडली. यादीत पहिला असलेला ड्रायव्हर घरी राहतो, ही गोष्ट या खेळात लोकांना पचायला जड गेली. मुकुटासाठी जीव टाकणारा माणूस असं त्याचं जे चित्र रंगवलं जातं, त्यात हा महिना बसत नाही.

मग २००९. रिक हेन्ड्रिकने त्याला पाच नंबरच्या शेव्हरोलेत पूर्ण हंगामासाठी बोलावलं. वय ५०. फिनिक्स, डार्लिंग्टन, मिशिगन, शिकागो अशा चार शर्यती तो २६ शर्यतींच्या पहिल्या टप्प्यात जिंकला. सुरुवातीला इंजिनांनी दगा दिला होता, त्यामुळे जुन्या पद्धतीने मोजलं असतं तर यादीत तो बराच खाली होता. त्या टप्प्याअखेर पहिला होता टोनी स्टुअर्ट. पण २००७ च्या बदलानंतर चेसची सुरुवात होताना प्रत्येक विजयाचे दहा गुण जादा मिळत. चार विजय, चाळीस गुण, आणि मार्टिन एकदम पहिला. शेवटच्या दहापैकी पहिली शर्यत न्यू हॅम्पशरला, तीही त्याने जिंकली. त्याचा तो चाळिसावा आणि शेवटचा विजय.

पुढच्या नऊ शर्यतींत त्याच्याच संघाचा जिमी जॉन्सन पुढे निघून गेला आणि १४१ गुणांनी जिंकला. जॉन्सनचं ते लागोपाठ चौथं विजेतेपद, जे याआधी कुणालाच जमलं नव्हतं. म्हणजे अर्नहार्ट दोनदा, गॉर्डन, स्टुअर्ट आणि जॉन्सन. मार्टिन ज्यांच्या मागे दुसरा आला त्या चार जणांची नावं वाचून पाहा. तीन पिढ्यांमधले सर्वोत्तम आहेत, आणि प्रत्येक पिढीशी लढायला हाच एक जण हजर.

सर्व ड्रायव्हरना एकसारख्या गाड्या देऊन लढवायची आयरॉक नावाची एक मालिका होती. तिथे गाडीचा, मालकाचा, मॅनिफोल्डचा प्रश्न नसायचा. ती मार्टिनने पाच वेळा जिंकली. त्याच्या क्षमतेबद्दल वाद घालणाऱ्यांना मी हा आकडा दाखवतो आणि विषय सोडून देतो.

शेवटची शर्यत तो २०१३ च्या नोव्हेंबरमध्ये होमस्टेडला धावला, पाय मोडलेल्या टोनी स्टुअर्टच्या जागी, त्याच्याच १४ नंबरच्या गाडीत. २०१७ मध्ये नॅस्कारच्या हॉल ऑफ फेममध्ये त्याचा समावेश झाला. त्याच वर्गात रिक हेन्ड्रिकही होता.

चेसचं रूप २०१४ पासून आणखी बदललं. टप्प्याटप्प्याने ड्रायव्हर बाद होऊ लागले आणि विजेता शेवटच्या एकाच शर्यतीवर, चौघांपैकी जो पुढे येईल तो, असा ठरू लागला. २०२५ पर्यंत हेच चाललं. निवृत्त मार्टिन याविरुद्ध जाहीरपणे बोलत आला. त्याचं म्हणणं, सगळ्या ३६ शर्यतींचे गुण सरळ मोजा आणि ज्याचे जास्त त्याला मुकुट द्या. त्या सरळ मोजणीत तो स्वतः चारदा दुसरा आला होता, आणि नव्या पद्धतीने त्याला पन्नाशीत यादीत खालून उचलून पहिल्या जागी बसवलं होतं. तरीही त्याचं मत जुन्याच बाजूला पडतं.